वाघेरी खुर्दची पंगत

प्राध्यापक खिलारींनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "आमच्या भिकामामांच्या लग्नाची गोष्ट सांगतो."

मी मंचाच्या कडेला, पडद्याआड उभी होते. त्यांच्यानंतर माझा नंबर होता. हातात कागद नव्हता, कारण जी गोष्ट मला सांगायची होती ती मला झोपेतही आली असती. माझ्या आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट होती ती.

हंगाम संपून साखर कारखान्याचा भोंगा थंडावला की आमच्या कॉलनीत साहित्य मेळावा व्हायचा. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी जेवण, जेवणानंतर कथाकथन. पोटात जिलेबी आणि डोक्यावर पंखा असला की निम्मे श्रोते डुलक्या घेणार, हे धरूनच चालायचं. त्या वर्षी पारनेरकडचे खिलारी सर पाहुणे होते आणि स्थानिक कलाकार म्हणून मी, शालन निकम. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, कऱ्हाडच्या कॉलेजात कथाकथनाचं बक्षीस मिळवलं होतं, आणि त्यामुळे पाय जरा जमिनीला कमीच लागत होते.

"वऱ्हाड ट्रकात बसलं," खिलारी सर सांगत होते. "जायचं होतं पिंपरखेड बुद्रुकला. ड्रायव्हर नवखा. फाट्यावर आला आणि वळला पिंपरखेड खुर्दकडे."

मी पडदा जरा बाजूला सारला.

"आता गंमत बघा. खुर्दमध्येही त्याच दिवशी लग्न. तिथलंही वऱ्हाड यायचंय. ह्यांचा ट्रक दिसला, वाजंत्री सुरू. या या, बसा बसा. उन्हातनं आलात, आधी जेवून घ्या. पंगत बसली."

ही आमची गोष्ट होती. शब्द वेगळे, गावं वेगळी, पण बाकी सगळी आमचीच. तात्यांचा ट्रक वाघेरी बुद्रुकला जायचा तो वाघेरी खुर्दला गेला होता. तात्यांच्या वऱ्हाडानंही परक्या मांडवात बासुंदी ओरपली होती. आणि खरं वऱ्हाड दारात येऊन उभं राहिल्यावर तात्याही मुंडावळ्या सावरत तसेच खरकट्या हातानं ट्रककडे पळाले होते. खिलारी सरांचे भिकामामासुद्धा आता पळाले. सभागृहात डुलक्या घेणारे जागे झाले होते. पण ते हसत नव्हते. ते मागे वळून तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

तिसऱ्या रांगेत माझे वडील बसले होते. केरबा निकम, वजनकाट्यावरचे क्लार्क, अख्ख्या कॉलनीचे केरबातात्या. बारसं असो, साखरपुडा असो, हळद असो, कोणीतरी म्हणायचंच, "तात्या, तुमच्या लग्नाचं सांगा." आणि तात्या टोपी मागे सरकवून सुरू व्हायचे. कॉलनीतल्या लहान पोरांनासुद्धा वाघेरी खुर्द कुठे आहे ते ठाऊक होतं. शेजारी आई बसली होती, पदर डोक्यावर, हात मांडीवर. तात्या सांगायचे तेव्हाही ती अशीच बसायची, खाली बघत, किंचित हसत.

टाळ्या पडल्या, पण तुरळक. आणि सिक्युरिटीचे जगदाळे उभे राहिले. त्यांना उभं राहायला निमित्त लागायचं नाही.

"सर, एक विचारतो. राग मानू नका. ही गोष्ट आमच्या निकमतात्यांची हाय. त्यांच्या लग्नात घडलेली. तुम्ही ती मामाच्या नावावर कशी काय खपवली?"

अध्यक्ष म्हणून बसलेले कारखान्याचे संचालक चुळबुळ करायला लागले. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चोर समोर उभा होता आणि माझ्या आधी जगदाळ्यांनी त्याला धरलं होतं.

खिलारी सर रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"असं का? कुठं आहेत तात्या?" त्यांनी डोळ्यांवर हात धरून सभागृहात पाहिलं. "म्हणजे इथंही आहे ती. अहो, मी ही गोष्ट मामाकडून ऐकली, तेव्हा मलाही खरीच वाटली. मग जालन्यात एका मास्तरनं मला त्याच्या मेव्हण्याची म्हणून सांगितली. गोंदियाला एका वकिलाच्या चुलत्याची निघाली. बेळगावातही भेटली. सगळीकडं बुद्रुक आणि खुर्द, सगळीकडं बासुंदी. फार तर कुठं श्रीखंड. ही गोष्ट कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे. आमचे मामासुद्धा थापच मारत होते, हे मला त्यांच्या लग्नाचा फोटो बघितल्यावर कळलं. फोटोत वऱ्हाड बैलगाडीनं आलेलं होतं."

आता लोक हसले. आणि हसता हसता सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की मामा थाप मारत होते तर मग तात्याही मारत होते.

"म्हंजे तात्या, इतकी वर्षं आमाला गंडवलं व्हय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"बासुंदी पण खोटी का?"

मी तात्यांकडे बघत होते. माझे तात्या म्हणजे तोंडाचे फटकळ. काट्यावर रांगेत उभ्या असलेल्या गाडीवानांशी दिवसभर हुज्जत घालून त्यांना हसवत घरी पाठवणारा माणूस. ते आता काहीतरी बोलतील आणि सभागृह उलटं हसवतील, याची मला खात्री होती. पण तात्या बोललेच नाहीत. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती आणि ती नुसती चुरगाळत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थट्टेनं माणूस ओशाळतो, चिडतो, पण असा घाबरत नाही. हे मला तेव्हाही खटकलं.

मग मुळीकबाईंनी तोंड उघडलं. मुळीकबाई म्हणजे स्टोअरकीपर मुळिकांच्या मंडळी, आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या. दोनच दिवसांवर त्यांच्या मंगलची हळद होती, त्यामुळे त्या दिवसांत कॉलनीतली सगळी लग्नं त्यांच्याच मालकीची होती.

"ते जाऊ दे सगळं," त्या बायकांच्या घोळक्यातून मोठ्यानं म्हणाल्या. "मग वहिनी, आता खरं सांगा की. तुमचं लगीन झालं तरी कसं?"

बायका खिदळल्या. सगळ्या माना आता आईकडे वळल्या. मला मुळीकबाईंचा संताप आला, खिलारींचा आला, आणि सगळ्यात जास्त तात्यांचा आला. सांगा ना काहीतरी, मी मनात म्हणत होते. तुमची गोष्ट आहे. तुमची नसली तर माझी तरी राहू द्या, मला आता त्या माइकसमोर जायचंय.

तात्या अर्धवट उठले. आईनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं आणि ती स्वतः उभी राहिली.

आई चारचौघांत कधी बोलायची नाही. भिशीतसुद्धा ती "हो" आणि "नको" एवढंच बोलायची. तिनं पदर नीट केला.

"झालं की," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं तसंच झालं. पण ह्यांना निम्मंच माहीत हाय. हे ट्रकात होते. मी मांडवात होते."

खिदळणाऱ्या बायका सरसावून बसल्या.

"वाघेरी बुद्रुकला आमचा मांडव. मला सकाळपासनं नटवून बसवलेली. हिरवा शालू, डोक्याला बाशिंग. नवरीनं जेवायचं नसतं, म्हणून उपाशी. मुहूर्त बाराचा. बारा वाजले, एक वाजला. मामा वेशीवर जाऊन उभा राहिला. माझा बाप नुसता आत-बाहेर करतोय. आमच्या घरातल्या बाया आधी गाणी म्हणत होत्या, मग गप झाल्या. मग एकेक कुजबुजायला लागली. पोरीत काहीतरी असंल, म्हणून फिरले असतील माघारी. एक म्हातारी तर माझ्यादेखत म्हणाली, हिच्या नशिबात न्हाई."

आई थांबली. तिनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

"मी म्हणलं, न्हाई आले तर न्हाई आले. आपण बसायचं. बाशिंग उतरायचं न्हाई. कुणी येईल अशी माझी काही खात्री नव्हती. मला खरंच वाटलं होतं, माझ्यासाठी कुणी येणार न्हाई. आणि मग ट्रक वाजला."

"मग?" हे खिलारी सर म्हणाले. ते मंचाच्या अगदी पुढे येऊन उभे होते.

"मग काय. हे उतरले. अंतरपाट धरला. मला हे दिसत नव्हते, पण बासुंदीचा वास आला. मी पहाटेपासनं उपाशी आणि नवरा जेवून तृप्त. अंतरपाट दूर झाला, मी डोळे वर करून बघितलं आणि हे घाबरून पहिलं काय बोलले असतील? म्हणाले, तुमच्यासाठी पण आणली असती, पण द्रोण गळका होता."

सभागृह असं काही हसलं की अध्यक्षांच्या पुढ्यातला तांब्या लवंडला. जगदाळे टाळ्या वाजवत होते. मुळीकबाई पदरानं डोळे पुसत होत्या. आई मात्र हसली नाही.

"उशिरा आले," ती म्हणाली. "पण आले." आणि खाली बसली.

तात्या तिच्याकडे बघतच राहिले होते, तोंड किंचित उघडं ठेवून. गळक्या द्रोणाचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. उपाशी नवरीचंही नाही. ते पहिल्यांदाच ऐकत होते.

खिलारी सर मंचावरून उतरून तिसऱ्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांनी आईला हात जोडले.

"वहिनी, मी ही गोष्ट निदान वीस जणांकडून ऐकली असेल. सगळे ट्रकात बसूनच सांगतात. मांडवात काय चाललं होतं, हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. ही बाजू मी उचलू का?"

"उचला की," आई म्हणाली. "मामीची म्हणून सांगा."

माझं नाव पुढे कोणी पुकारलंच नाही. वेळ संपली म्हणून अध्यक्षांनी आभार मानले, आणि माझ्यासाठी आणलेली शाल आणि नारळ आईच्या हातात दिला. बक्षीस मिळवलेली कलाकार पडद्याआड उभी ती उभीच, आणि मला त्याचं यत्किंचित वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तात्या बाहेर ओट्यावर बसले होते, चपलासुद्धा न काढता.

"आई, खरं घडलं होतं का गं ते?"

तिनं चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली. मग म्हणाली, "दार लोट जरा."

मी दार लोटलं.

"तुझ्या बापाचं आणि माझं लगीन झालंच न्हाई, शालन. पाट लागला."

मला शब्द माहीत होता, पण तो माझ्या घरात कधी आला नव्हता. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट, एवढंच मला ऐकून ठाऊक.

"मला पंधराव्या वर्षी कवठ्याला दिलेली. वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला. मग भावाच्या घरी राबत होते. तुझा बाप भावाकडं बैल बघायला आला आणि मला मागणी घालून गेला. त्याचं स्वतःचं पहिलं लगीन असून. त्याच्या आईनं त्याला घराबाहेर काढलं त्यापायी. पाट कसा लावतात माहीत हाय का तुला? अंधार पडल्यावर, दिवा बारीक करून. वाजंत्री नाही, मांडव नाही. सवाष्ण बाईनं समोर यायचं न्हाई, बघायचं न्हाई. माझी सख्खी भावजय आत दार लावून बसली होती. आणि उजाडायच्या आत गाव सोडायचं, कुणाला तोंड दिसू नये म्हणून."

चहा उतू जायला लागला. तिनं पातेलं खाली उतरवलं.

"मग हितं नोकरी लागली. हितं कुणाला कोण कुठलं माहीत? पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी हळदीला बायकांनी मला विचारलं, तुमचं लगीन कसं झालं. माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. हे मला न्यायला आलेले, दारात उभे होते. म्हणाले, थांबा, मी सांगतो. त्याच दिवशी काट्यावर नगरकडच्या एका गाडीवानानं ह्यांना ती गोष्ट सांगितली होती, त्याच्या भावाची म्हणून. ह्यांनी तिथंच ती आमची करून टाकली. बायका हसल्या. मला हळदीला बसवलं, ओटी भरली. तवापासनं प्रत्येक सवाष्णीच्या कामाला मला बोलावणं असतं."

म्हणून तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. थापाड्या ठरण्याची त्यांना भीती नव्हती. गोष्ट गेली असती तर आईचं लग्न गेलं असतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"आणि आजचं? शालू, बाशिंग, ते सगळं?"

"इतकी वर्षं हे सांगत होते. मी काय नुसती ऐकत होते?" आई म्हणाली. "हे ट्रकात बसले की मी जाऊन मांडवात बसायचे."

तेवढ्यात दारातून हाक आली. मुळीकबाई होत्या. तात्यांना ओलांडून त्या सरळ आत आल्या आणि पाटावर बसल्या.

"वहिनी, दुपारी थट्टा केली, मनावर घेऊ नका. मी वेगळ्याच कामाला आले. परवा मंगलच्या हळदीला पहिली हळद तुम्ही लावायची. मानाची सवाष्ण तुम्ही. असल्या लग्नाची बाई कॉलनीत दुसरी न्हाई."

आजवर आई हळदीला जायची, पण पाचात चौथी, पाचवी. पहिली हळद म्हणजे वेगळी गोष्ट. ती लावणाऱ्या बाईचा संसार नवरीला लाभतो म्हणतात. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तात्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. नको सांगू.

"मुळीकबाई," आई म्हणाली, "तुमच्या पोरीचा प्रश्न हाय म्हणून सांगते. मला ती हळद लावता यायची न्हाई. माझा पाट लागलाय. पहिला नवरा गेला माझा."

मुळीकबाईंनी आईकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि समोरचा चहाचा कप उचलला. सबंध कप संपवला. मग उठल्या, पदर खोचला.

"परवा सकाळी नवाला या," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

त्या खरंच बोलावत होत्या की नुसतंच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, आम्हाला कळेना. मुळीकबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या कॉलनीला माहीत. दुसऱ्या दिवशी नळावर कोणी वेगळं वागलं का, हे मी दहादा जाऊन बघितलं. कोणी वागलं नाही. तात्या जेवले नाहीत. आई म्हणाली, "मी जाणार. बोलावलंय तर जायचं. हात लावू दिला न्हाई तर लांब बसेन."

हळदीच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. अंगणात मंगल पाटावर बसली होती. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या, त्यांच्यात नवरदेवाची आत्या, जाडजूड पाटल्या घातलेली, सगळ्यांना सूचना करणारी. मुळीकबाईंनी आईला हाताला धरून पुढे आणलं आणि हळदीची वाटी तिच्या हातात दिली.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "ह्या कोण? आमच्यात पहिल्या हळदीचं फार बघतात. ह्यांचं लगीन पहिलंच न्हवं?"

आईनं वाटी खाली ठेवायला हात वळवला. मुळीकबाईंनी तो हात वरच्यावर धरला.

"पहिलंच न्हवं म्हणजे काय?" त्या म्हणाल्या. "मी स्वतः हजर होते की त्या लग्नाला. वाघेरी बुद्रुकला. अहो, ह्यांचं वऱ्हाडच येईना. बारा वाजले, एक वाजला. ही बिचारी बाशिंग बांधून उपाशी बसलेली, मी शेजारीच होते हिच्या. बसा आत्याबाई, बसा, ऐका तर खरं. वहिनी, तुम्ही लावा हळद, मी सांगते ह्यांना."

आणि आई मंगलच्या गालाला हळद लावत असताना मुळीकबाईंनी ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, तात्यांपेक्षा जास्त रंगवून.